टिकलीची जागा

“आंटीजी, सिर्फ इतने से डॉट का क्या करेंगे? पूरा फेस ले लीजिए ना. ऐसा ग्लो आएगा कि बहू भी पूछेगी.”

नोएडाच्या त्या क्लिनिकमधली काउन्सेलर गोड हसली. विनयाने पुन्हा एकदा कपाळावर बोट ठेवलं. टिकलीखालची कातडी पांढरी पडली होती. टिकलीएवढीच, अगदी गोल. तेवढी जागा पूर्वीसारखी करून हवी होती. बाकीच्या चेहऱ्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

“मुझे गोरा नहीं होना, बेटा. यह जगह सांवली करनी है.”

हॉटेलात येऊन कुणी उपाशी ठेवायला सांगावं, तशी ती मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, “मॅम, हम बाकी फोरहेड लाइट कर देंगे. मॅच हो जाएगा!”

विनयाने पर्स उचलली.

“आई, यार, एवढं रेटिंग आहे त्यांचं,” गाडीत साकेत कुरकुरला. हे क्लिनिक मुलानेच शोधलं होतं.

“ज्यांना गोरं व्हायचं होतं त्यांनी दिलंय ते.”

“मग वरून मोठी टिकली लाव ना. बात खतम.”

तिने इतके दिवस तेच केलं होतं. डाग दिसायला लागला म्हणून मोठी टिकली आणली. टिकली मोठी झाली, तसा डागही वाढला. आता याहून मोठी लावली तर ऑफिसातले लोक अंगात देवी येते का विचारतील, असं ती वैतागून म्हणाली. साकेत हसला. तिला हसू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नवरा, पद्माकर, गेला, तेव्हा तेराव्याला त्याची बहीण उत्तराताई तिच्या कानाशी लागल्या होत्या. “आता टिकली काढ गं.” विनया सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “कॉलेजपासून लावतेय. पद्माकर तेव्हा कुठे होता? त्याच्याबरोबर ती का जाईल?” उत्तराताईंनी अबोला धरला तो धरलाच. आता पुढच्या महिन्यात साकेतच्या मुलीचं बारसं होतं आणि त्यासाठी त्या पुण्याहून येणार होत्या. त्यांच्यासमोर टिकली लावूनच उभं राहायचं, हे विनयाने मनाशी पक्कं केलं होतं.

दुसरं क्लिनिक दिल्लीतल्या मुनिरकात, एका अरुंद जिन्यावर. मुरुमं आणि केसगळतीवाल्या कॉलेजच्या पोरांनी बाकडी भरलेली. डॉक्टरने उभ्याउभ्याच कपाळ पाहिलं. “मशीन से स्किन कलर भर देंगे. एक दिन का काम. ऊपर से बिंदी भी लगाइए, नो प्रॉब्लेम.” विनयाला एकदम हलकं वाटलं. तरी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती आर. के. पुरमच्या आपल्या सरकारी क्वार्टरजवळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आली.

“बिंदी कब से?”

“कॉलेज से.”

“उसी की गोंद से हुआ है. बंद कीजिए. कुमकुम भी नहीं. सिर्फ यह मलहम. साल भर भी लग सकता है, और पूरा रंग लौटेगा, यह मैं नहीं कहूँगी.”

“रंग भरवा लूँ तो?”

“ऊपर से छिप जाएगा. बिंदी लगाती रहेंगी तो दाग फैलेगा.”

“अगले महीने घर में फंक्शन है.”

“तो ऐसे ही जाइए.”

रस्ताभर विनया धुसफुसत आली. डॉक्टरीणबाईंचा राग आला, उत्तराताईंचा आला, आपल्याला अर्ध्या वाटेत सोडून गेलेल्या पद्माकरचाही आला. सगळ्या नातलगांना जे जमलं नव्हतं, ते एवढ्याशा गोंदाने करून दाखवलं होतं! घरी आरशाच्या कडेला तिच्या जुन्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. त्यांतली एक काढून तिने बोटावर धरली आणि पुन्हा आरशाला लावली.

दुसऱ्या दिवशी मुनिरकाहून फोन आला. “मॅम, कल का स्लॉट बुक कर दूँ?”

बारशापुरतं सगळं निभावलं असतं. पण तिला एक दिवस मिरवायचं नव्हतं, मरेपर्यंत टिकली लावायची होती.

“नहीं चाहिए,” ती म्हणाली आणि मलमाची ट्यूब उघडून बसली.

बारशाला नोएडाच्या सोसायटीचा हॉल भरला होता. उत्तराताई दारातच भेटल्या. त्यांनी विनयाच्या कपाळाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन वर्षांचा अबोला विसरून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“बरं केलंस गं. उशिरा का होईना, सोडलीस. पद्माकरला शांती मिळेल.”

गप्प राहिलं असतं तर नणंद कायमची परत मिळाली असती. हात मायेचा होता, हेच जास्त लागत होतं.

“सोडली नाहीये, उत्तराताई,” ती म्हणाली. “औषध चालू आहे.”

गालावरचा हात हळूहळू खाली आला.

“आई, या ना लवकर!” सुनेने, रुचिराने, पाळण्यापासून हाक मारली. “कुणीतरी खालून घ्यायला हवंय बाळाला.”

सवाष्णींचं हे काम विधवेला सांगितलेलं ऐकून बायका क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. विनया पुढे झाली, पाळण्याशेजारी खाली बसली. वाकताना केस मागे गेले आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो पांढरा गोल सगळ्यांना स्वच्छ दिसला. तिने केस पुढे ओढले नाहीत. दोन्ही हात बाळ घ्यायला पाळण्याखाली धरलेले होते.