शेपटीच्या कोटावरचा काळा बो

मित्रांनो, मी एक जुना, काळा, रेशमी बो आहे. पुरुषांच्या गळ्यात फुलपाखरासारखा बांधतात ना, तोच. सध्या माझा मुक्काम व्हिएन्नातल्या एका कपाटात, हातरुमालांच्या खाली आहे. माझ्या एका टोकाची शिवण उसवली आहे आणि काळा रंग थोडा हिरवट पडला आहे. त्याची तक्रार नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती आज सांगून टाकतो.

मला हेडविग नावाच्या बाईने शिवलं, स्वतःच्या कोटाच्या अस्तरातून. तिचा नवरा ओटोकार हर्दलिच्का ट्रामवर तिकिटं द्यायचा आणि ट्रामवाल्यांच्या गायनमंडळात जाड्या आवाजात गायचा. इतरांचे बो दुकानातले, मागे आकड्याने अडकवायचे. मी मात्र हाताने बांधायचा. कार्यक्रमाला निघताना हेडविग त्याला दाराशी थांबवायची, माझे दोन्ही कान ओढून सरळ करायची आणि म्हणायची, "आता जरा माणसात आलास." साध्या काळ्या कोटावर मी असा खुलून दिसायचो की लोक वळून बघायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पुढे हेडविग छातीच्या दुखण्याने गेली. त्यांची मुलगी पोल्डी तेव्हा शाळेत होती. ओटोकारने गाणं सोडलं आणि मी एका डब्यात जाऊन पडलो. डब्यात माझ्या सोबतीला दोन बटणं आणि एक मोडका कंगवा होता.

पोल्डी मोठी झाली, नृत्यशाळेत जाऊ लागली. एका हिवाळ्यात तिची मोठ्या नृत्यरजनीसाठी निवड झाली. पांढरा झगा, डोक्यावर लहानसा मुकुट आणि हातात फुलं घेऊन ज्या मुली पहिला नाच करतात, त्यांच्यात ती होती. जोडीला गॉटफ्रिड प्रोहास्का, न्यायाधीशांचा मुलगा. ओटोकारने तिच्याकडे एकच मागणं मागितलं. पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने गोल फिरत करायचा नाच, गॉटफ्रिडचा, पण दुसरा बापाचा. पोल्डी हसून हो म्हणाली. मग ओटोकार ट्रामच्या डेपोत एका जाडजूड सोबत्याला बाई करून तालीम करू लागला. तो सोबती म्हणायचा, "पुढचा थांबा आला की मला उतरव रे बाबा, चक्कर येते."

प्रोहास्का मंडळी शेपटीच्या कोटात येणार, म्हणून पोल्डीने हट्टाने वडिलांसाठीही तसला कोट भाड्याने आणला. त्याच्याबरोबर एक पांढरा बो होता. इथे आमच्या जातीचा एक नियम सांगायला हवा. मागे दोन शेपट्या असलेल्या कोटावर पाहुण्याने पांढराच बो लावायचा. साध्या काळ्या कोटावर काळा. शेपटीच्या कोटावर काळा बो दिसला, तर तो माणूस वाढपी. पोल्डीने वडिलांना हे दोनदा बजावलं होतं.

त्या संध्याकाळी पोल्डी आधीच निघून गेली होती. ओटोकारने आरशासमोर पांढरा बो लावला, बराच वेळ स्वतःकडे पाहत उभा राहिला आणि मग तो काढून ठेवला. त्याने डबा उघडला. जणू मी हेडविगच, तसा मला हातात घेऊन म्हणाला, "चल, हेडी. तुझी पोरगी नाचणार आहे."

मित्रांनो, मला नियम माहीत होता. आम्हा बो मंडळींना दुसरं शिक्षण असतं तरी कुठे? मला त्याच्या बोटांतून निसटता आलं असतं. गाठ वाकडी बसवून त्याला कंटाळा आणता आला असता. पण इतक्या वर्षांनी मला कुणीतरी बाहेर काढलं होतं. मी हावरटासारखा त्याच्या गळ्यात घट्ट बसलो. इतका देखणा मी कधीच बसलो नव्हतो.

सभागृहात ओटोकारने वरच्या सज्ज्यातून मुलीचा नाच पाहिला आणि रुमालाने डोळे पुसले. मग आपली पाळी आली म्हणून तो खाली येऊन खांबाशी उभा राहिला. पहिला वॉल्ट्झ संपला. पोल्डी, गॉटफ्रिड आणि त्याचे आईवडील त्याच बाजूला आले. गॉटफ्रिडच्या आईची, फ्राउ प्रोहास्कांची, नजर प्रथम माझ्यावर पडली. ओटोकारच्या चेहऱ्यापर्यंत ती गेलीच नाही.

"हेर ओबर," वाढप्याला मारतात तशी हाक मारून त्या म्हणाल्या, "चार ग्लास शॅम्पेन आणा. आणि थंड असू दे, मघाशी कोमट होती."

ओटोकारने पोल्डीकडे पाहिलं. ती काही सांगेल म्हणून तो थांबला होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, लाल झाली आणि हातातल्या फुलांत काहीतरी शोधू लागली.

"आणतो, बाई," ओटोकार म्हणाला.

त्याने खरोखरच तबक आणलं. सगळ्यांनी ग्लास उचलले. शेवटचा पोल्डीने घेतला आणि खाली मान घालून म्हणाली, "आभारी आहे, हेर ओबर."

दुसरा वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा गॉटफ्रिड तिला घेऊन गेला. ओटोकारने तबक जागेवर ठेवलं, ओव्हरकोट घेतला आणि पायी घरी आला. सकाळी पोल्डी स्वयंपाकघरात आली तेव्हा त्यानेच तिची माफी मागितली. म्हणाला, चूक माझीच, पांढरा लावायला हवा होता, तुझी पंचाईत केली. पोल्डी म्हणाली, "असू दे, बाबा," आणि कॉफी ओतत राहिली.

मी पुन्हा डब्यात गेलो. अंधारात मला एकच विचार छळायचा. माझ्यामुळे एका बापाचा नाच हुकला. आजही तो विचार पुरता गेलेला नाही.

पुढे पोल्डीचं लग्न झालं, गॉटफ्रिडशी नव्हे, एका चष्मेवाल्याशी. तिचे केस पिकले. ओटोकारचे पाय गेले आणि तो वृद्धाश्रमात राहायला गेला. त्याचं घर रिकामं करताना पोल्डीला मी सापडलो. ती मला पर्समध्ये घालून त्याच्याकडे घेऊन गेली आणि तिने मला त्याच्या मांडीवरच्या ब्लँकेटवर ठेवलं.

"बाबा, त्या रात्री चूक ह्याची नव्हती," ती म्हणाली. "मी त्या लोकांना सांगितलं होतं की माझे वडील ट्राम कंपनीत मोठे साहेब आहेत. तुम्ही पांढरा लावून आला असतात तरी, बोलता बोलता तिकिटांची गोष्ट निघेल म्हणून, मी गप्पच बसले असते. हा काळा होता म्हणून माझं फावलं."

ओटोकार माझ्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. "मला ठाऊक होतं गं," तो म्हणाला. "ग्लास घेताना तू मान खाली घातलीस. ओबरकडून ग्लास घेताना कुणी मान खाली घालतं का?"

पोल्डी रडली. मग डोळे पुसून उठली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "बाबा, दुसरा वॉल्ट्झ तुमचा."

त्याने ब्लँकेटखालच्या पायांकडे पाहिलं. "आता उभं राहवत नाही," तो म्हणाला. "उशीर केलास, पोरी." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ती अजूनही म्हणते.

त्या वसंतात ओटोकार गेला. पोल्डीने मला निर्दोष ठरवलं आहे, पण हावरटासारखा घट्ट बसलो तो मीच, हे मी विसरत नाही. मित्रांनो, कोणत्या कोटावर कोणता बो, हे जरूर शिकून घ्या. आम्हाला डब्यात कोंबू नका, उसवलो तर दोन टाके घाला. पण तुमच्या माणसाला कुणी भलतंच समजून बसलं, तर सांगायला वेळ लावू नका. पोल्डीला त्या रात्री फार मोठं भाषण करायचं नव्हतं. "हे माझे बाबा," एवढंच म्हणायचं होतं.