नालवाडीच्या गुलाबचा अर्ज

मी एक जुना टाइपरायटर आहे. वर्ध्याच्या एका शाळेत, मोडक्या बाकांच्या खोलीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण तेथे डोकावतात, माझ्या कळांवर दोन बोटे मारतात आणि हसत पळून जातात. मला त्याचा राग नाही. पण कोणी थोडे थांबले असते, तर मी त्याला गुलाबची हकिगत सांगितली असती.

माझी जोडणी कलकत्त्याला झाली. देवनागरी अक्षरांचे यंत्र तेव्हा आमच्या भागात नवलाईचे होते. अर्जनवीस प्रभाकररावांनी मला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मेजावर मांडले, तेव्हा लोक कोंडाळे करून पाहत. ओळ संपली की माझी घंटी वाजे आणि म्हातारी माणसेसुद्धा हसत. प्रभाकरराव रोज मला फडक्याने पुसत, शनिवारी तेल देत. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पण खेड्यापाड्यांतून आलेल्यांचे निरनिराळे दुःख त्यांच्या बोटांतून एकाच साच्यात बाहेर पडे. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' म्हणून सुरुवात आणि 'आजन्म ऋणी राहीन' म्हणून शेवट.

१९५८ च्या जूनमध्ये नालवाडीचे चिंधूजी आपल्या मुलीला घेऊन आले. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी वाहत. दोन वर्षांपूर्वी साऱ्या कुटुंबाने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मुलगी गुलाब नुकतीच मॅट्रिक झाली होती. नागपूरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात सहा जागा होत्या आणि त्यासाठी 'मला पुढे का शिकायचे आहे' यावर एक पान मागवले होते. वसतिगृह मिळाले तरच कॉलेज, हे घरात ठरलेले होते. गुलाबने पान लिहून आणले होते. ते छापल्यासारखे दिसावे, एवढीच चिंधूजींची इच्छा होती.

प्रभाकररावांनी ते पान माझ्या अंगाला टेकवून ठेवले, म्हणून मला ते वाचता आले.

गुलाबने लिहिले होते की, ती लहान असताना बल्लारपूरच्या खाणीवरून मामाचे पत्र आले. आईला, म्हणजे तानाला, वाचता येत नव्हते. एका ओळखीच्या गृहस्थाने रस्त्यात उभ्याउभ्या ते चाळले आणि सगळे खुशाल आहे म्हणून सांगितले. पुढे चार वर्षांनी गुलाबने पेटीतले तेच पत्र काढून मोठ्याने वाचले. अगदी खाली लिहिले होते, 'बाय अंथरुणाला खिळली आहे, तानाला लवकर पाठवा.' बाय म्हणजे आजी; पत्र आले त्याच आठवड्यात ती गेली होती. 'आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिने उलटलीच नाही,' असे गुलाबने लिहिले होते. तेव्हापासून वस्तीतली पत्रे तीच वाचत असे. शिकून तिला मोठ्या बायांना वाचायला शिकवायचे होते.

मित्रांनो, माझ्यावर हजारो अर्ज झाले, पण असे पान मी पाहिले नव्हते.

प्रभाकररावांनी अर्धे वाचले आणि मान हलवली. "पोरी, असं घरचं लिहीत नसतात. साहेबापुढे अर्ज कसा पाहिजे, ते मले ठाऊक हाये."

त्यांनी माझ्या रुळाला कोरा कागद लावला. कागदाला आधार म्हणून मागे एक जाड पान लावावे लागते. हाताशी गुलाबचेच पान होते, तेच त्यांनी लावले. मग बोटे चालू लागली. 'अर्जदार अत्यंत गरीब, होतकरू व निराधार असून...'

गुलाब वाकून पाहत होती. ती हळूच म्हणाली, "पण हे माह्यं नाई."

"चूप राह्य," चिंधूजी म्हणाले. "त्याईले समजते."

माझी एक कळ एरवी नेहमी अडकायची. त्या दिवशी ती अडकावी म्हणून मी किती आसुसलो. पण यंत्राला जिथे बोट लागते, तेच अक्षर उमटते. साऱ्या कळा मुकाट खाली गेल्या. घंटी वाजत राहिली.

महिन्याने गुलाब एकटीच आली. तिने कॉलेजचे पत्र मेजावर ठेवले. याच मजकुराचे आणखी चार अर्ज आले होते. अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे त्यात कोठेच दिसत नाही, म्हणून जागा देता येत नाही, असे त्यात होते. ते चारही अर्ज माझ्यावरच झाले होते. प्रभाकररावांनी पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"माह्यं पान द्या," गुलाब म्हणाली.

ते अजून आधाराचे पान म्हणून माझ्या रुळालाच होते. महिनाभर माझी अक्षरे त्याच्यावर आदळली होती. जमिनीचे अर्ज, वारसाचे अर्ज, साऱ्यांचे खळगे तिच्या शब्दांवर उठले होते. प्रभाकररावांनी ते काढून दिले. "म्याच चुकलो, बाई," ते म्हणाले. तिने पानावरून तळवा फिरवला, घडी केली आणि निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात चिंधूजी दुसऱ्या कामासाठी आले, तेव्हा कळले की गुलाबचे पुलगावला लग्न झाले. तिने हाताने नवा अर्ज लिहिला होता. तो टपालात टाकायच्या आधीच सोयरीक जुळली.

त्यानंतर एखादा विद्यार्थी आला की प्रभाकरराव आधी विचारीत, "हे तूच लिहिलं ना? मंग एक अक्षर बदलत नाई." गुलाबला त्याचा काही उपयोग नव्हता.

प्रभाकरराव गेल्यावर मला शाळेला दिले. आता माझी फीत वाळली आहे. मला तेल घाला, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, आणि कोणी संकोचत आपले लिहिलेले पान तुमच्या हाती देईल. तेव्हा ते जपा, आणि त्यावर आपले शब्द चढवू नका. मला नाही म्हणता येत नव्हते. तुम्हाला येते.