मास्तरचा इशारा

काचेच्या दुकानात तावदानं कापणाऱ्या त्या माणसाला आपल्या कुत्र्याचं कोण कौतुक! नाव ठेवलं होतं मास्तर, कारण घरात वेळापत्रक त्याचंच चालायचं. मालकाचा डोळा उघडायच्या आत मोजे उशाशी हजर. दाढीचं पाणी तापायला ठेवलं की स्वारी टॉवेल तोंडात धरून न्हाणीच्या दाराशी बसलेली. डबा भरायला उशीर झाला तर बायकोच्या पायात घुटमळून तिला ओट्याकडे पिटाळणार. "आमच्या मास्तरला माझ्या मनातलं कळतं," काचवाला दुकानात छाती फुगवून सांगायचा.

मास्तरची खरी हुशारी बायकोला कळली ती संध्याकाळी. नवरा गल्लीच्या तोंडाशी आला की मास्तरचे कान टवकारत. पावलं सरळ पडत असली तर तो दाराशी जाऊन शेपटीने फरशी झाडायचा. पिऊन येत असला तर मुकाट्याने कपाटामागच्या फटीत अंग चोरून बसायचा. आधी तिला तो योगायोग वाटला. मग एकदा डोळ्यावरची सूज उतरेपर्यंत घरातच बसावं लागलं, तेव्हा तिने नीट आठवून पाहिलं. कुत्रा एकदाही चुकला नव्हता.

तेव्हापासून मास्तर कपाटामागे गेला की ती लेकीला हाक मारायची. "चिमे, खालच्या काकूंकडून दोरा आण गं. आणि तिथेच जेव."

खालच्या शिंपीणकाकूंनी दोरा कशाला, असं कधी विचारलं नाही. पोरीला आत घ्यायच्या आणि शिलाई मशीन जोरात चालवत बसायच्या, वरचं काही तिच्या कानावर पडू नये म्हणून. पोरगी मारातून वाचायची. आईचं जे व्हायचं ते चुकत नव्हतं.

असंच एकदा झोकांड्या खात आलेला नवरा भिंतीला टेकून म्हणाला, "मी घरात पाऊल टाकलं की पोरगी गायब. तुला सांगतं कोण?"

"कोण सांगणार? खेळायला गेली असेल."

"मला खुळा समजतेस?"

त्या दिवशी तो मारायचंही विसरला. घरभर बघत राहिला. त्याची नजर कपाटामागून बाहेर आलेल्या शेपटीवर जाऊन थांबली.

रविवारी सकाळी तो चांगला शुद्धीवर होता. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि साखळी काढली. मास्तर जागचा हलेना. ही त्याची फिरायला जायची वेळ नव्हती.

"कुठे नेताय त्याला?"

"फिरायला. माझा कुत्रा आहे, तुला काय करायचंय?"

तिने ओल्या हातांनी ओटा घट्ट धरला. पुढे व्हावं, साखळी हिसकावून घ्यावी, असं वाटलं. पाय उचलला नाही. मास्तर तिच्याकडे वळून बघत बघत जिना उतरला.

दुपारी नवरा एकटाच आला. साखळी खुंटीला अडकवली, हात साबणाने चोळून धुतले आणि ताटावर बसला.

"मास्तर?" चिमीने विचारलं.

"पळाला. साखळी तोडून पळाला."

साखळी खुंटीवर धडधाकट लोंबत होती. चिमी त्या साखळीकडे बघत राहिली.

"जेव," आई म्हणाली.

मग ती स्वतःच संध्याकाळी जिन्याकडे कान लावून बसू लागली. पण वर जाणारे शेजारी, घरभाडं मागायला येणारा मालक, नवरा, सगळ्यांची पावलं तिला सारखीच वाटायची. त्याच आठवड्यात दार धाडकन उघडलं तेव्हा चिमी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. बापाचा हात उठला तशी पोर आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तो हात तिच्या कानशिलावर बसला. कानातून रक्त आलं.

सकाळी नेहमीसारखा त्याला उमाळा आला. त्याने स्वतः कापूस आणला, चिमीला जवळ घ्यायला गेला. पोर लाकडासारखी उभी. तो कामावर गेला.

तो गल्लीबाहेर पडल्यावर शिंपीणकाकूंनी आपली कापडाची मोठी पिशवी रिकामी करून वर आणली. दोघींनी मिळून कपडे भरले.

"तो विचारायला आला तर काय सांगू?"

"काही माहीत नाही म्हणा."

"मला काय माहीत असणार, बाई? इतकी वर्षं मशीनच तर चालवली मी," काकू म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड बांधू लागल्या.

बस शहराबाहेर पडली. आईच्या बहिणीचं गाव अजून लांब होतं. कानाला कापूस लावलेली चिमी म्हणाली, "मास्तर परत आला तर? घरी कोणी नसेल."

"तो येणार नाही, राणी."

"बाबांनी मारलं?"

आजवर तिने लेकीला किती काय काय सांगून सांभाळलं होतं. आता तिच्या तोंडून खोटं निघेना.

"हो."

चिमीने खिडकीकडे तोंड फिरवलं.