पहिली चकती

नेस्तोर म्हाताऱ्याने तोंडातला घास रुमालात थुंकला आणि लेकीकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्याला विषच घातलं होतं.

"हे काय आहे?"

"कुबासा, तातो," ओरिसिया म्हणाली. बापाला ती जन्मभर तातोच म्हणत आली होती.

"ह्याला कुबासा म्हणतात? त्यापेक्षा बुटाचा तळ दे मला. तो चावून चावून निदान नरम तरी होतो."

ओरिसियाला एकदम हसू फुटलं. कुबासा म्हणजे डुकराच्या मांसाचा, धुरावलेला सॉसेज; हा मात्र वाटाण्याच्या पिठाचा होता. कॅनडातल्या विनिपेगच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन शोधून आणलेला, वरून स्वतःच्या हाताने लसूण चोळलेला, धुराचा वास यावा म्हणून बाटलीतलं कसलंसं पाणी शिंपडलेला. एवढी लबाडी तिने उभ्या आयुष्यात केली नव्हती. बरं, फसवायचं कुणाला? ज्याला आज वार कोणता ते ठाऊक नाही, बायको जाऊन किती वर्षं झाली ते आठवत नाही, अशा माणसाला! आणि त्याने ती लबाडी पहिल्याच घासाला पकडली.

तसा पहिला घास त्याचा नव्हताच. त्या घरात कुबासाची पहिली चकती पोरीची असायची. ओरिसिया सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून बाप चकती कापायचा, सुरीच्या टोकावर धरून तिच्या तोंडापाशी न्यायचा, आणि ती चावून गिळल्याशिवाय स्वतः तोंड लावायचा नाही. तिने मांस सोडल्यावर ती रीत थांबली होती; ते विसरून आज त्याने पुन्हा तसंच केलं होतं. वाटाण्याचंच तर होतं, म्हणून तिने आनंदाने खाल्लं. मग त्याने खाल्लं, आणि मग हा तमाशा.

"मायरनच्या बापाकडून आण," म्हातारा म्हणाला आणि उशीवर मान टाकली. "नाहीतर नको. भूक नाही मला."

मायरनचा बाप केव्हाच वारला होता. दुकान आता मायरन चालवायचा. पण ते सांगून काय उपयोग! आठवडा होत आला, म्हातारा सूपच्या चार चमच्यांवर जगत होता. घरी येणारी नर्स मॅरिसेल त्याची मनगटं चाचपायची आणि जीभ चुकचुकायची. आज जाताना तिने ओरिसियाला दारात गाठलं.

"हे बघ ताई, घशाला त्यांच्या काही झालेलं नाही. मनच उठलंय त्यांचं. मागतील ते दे, हातापाया पड, पण पोटात घाल काहीतरी. नाहीतर फार दिवस नाहीत."

मागतील ते दे! मॅरिसेलला काय माहीत, तो कुणाकडे काय मागत होता.

दर शनिवारी मायरनच्या मांसाच्या दुकानासमोर पाट्या घेऊन जी मंडळी उभी राहायची, त्यांची म्होरकी ही ओरिसिया. सहा वर्षं झाली. थंडी असो, पाऊस असो, बर्फाचा चिखल असो. "तुमच्या ताटात कुणाचं लेकरू?" ही घोषणा तिनेच रचलेली. आणि दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मोबाइलवर टिपायचा नि जगाला दाखवायचा, कुणालाही सूट नाही, हा नियमही तिचाच. लोकांना लाज वाटली तरच लोक बदलतात, असं ती म्हणायची. म्हणताना तिचा आवाज कापायचा नाही.

उगाच आलेलं खूळ नव्हतं हो ते. विशीत असताना ऐन हिवाळ्यात, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर डुकरांनी भरलेला ट्रक तिच्या गाडीशेजारी येऊन थांबला होता. पत्र्याच्या भोकातून एक नाकाड बाहेर आलं. तिने हातमोजा काढून हात पुढे केला, आणि त्या जनावराने तिच्या तळव्यावर ऊन ऊन श्वास सोडला. मग ट्रक निघून गेला. घरी येऊन तिने बापाला सांगितलं, आजपासून मांस बंद. बाप पोट धरधरून हसला. पण दुसऱ्याच दिवशी बाजारातून लाल दांड्याचा नवा तवा घेऊन आला. "हा तुझा. ह्यात चरबीचा थेंब पडणार नाही." आणि खरंच कधी पडला नाही. वीस वर्षं तिचे कांदे त्याने त्या तव्यात तेलावर परतले.

आता तो तवाही विसरला होता तो.

रात्रभर ओरिसियाचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा शनिवार. मायरनच्या दुकानापुढे वर्षातली सगळ्यात लांब रांग, आणि म्हणून निदर्शनंही सगळ्यात मोठी. वडील आजारी आहेत, येत नाही, असं तिने मंडळींना कळवलं. खोटं नव्हतंच ते. मग मॅरिसेलला बापापाशी बसवून ती गाडी काढून निघाली, दोनदा अर्ध्या वाटेतून परत फिरली, तिसऱ्यांदा मात्र मागच्या गल्लीत गाडी लावून दुकानाच्या मागच्या दारावर थाप मारली. पुढून तिचीच घोषणा ऐकू येत होती.

दार मायरनने उघडलं. दोघं लहानपणी चर्चच्या शाळेत एका बाकावर बसायचे, म्हणून तर त्यांच्यातला राग इतका जुना नि घरचा होता.

"अरे वा! आज मागून हल्ला?" तो म्हणाला. "पाटी कुठंय? रंग वाळायचाय वाटतं."

"मायरन, मला एक कुबासा हवाय."

"आणि कॅमेरा कुठे लपवलायस?"

"तातोंना हवाय रे. जेवत नाहीत. तुझ्या दुकानाचं नाव घेतात नि तोंड मिटून पडतात."

मायरनचा चेहरा उतरला. "नेस्तोरकाका? इतकं झालंय?" तो आत गेला, धुराच्या खोलीतून आकड्यावरचं एक काळपट, चकाकणारं वेटोळं काढून आणलं, कागदात गुंडाळलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला. आणि तेवढ्यात त्याला राहवलं नाही.

"ने. मागच्या दाराने ने. मी नाही तुझा व्हिडिओ काढणार. कुणाला सांगणारसुद्धा नाही. मी नाही तुझ्यासारखा."

ओरिसियाचा हात तिथेच थांबला.

"स्टेफाबाई आठवते?" मायरनचा आवाज चढला. "वॉकर ढकलत यायची, नव्वदीची. गेल्या ईस्टरला चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या टोपलीत ठेवायला एवढासा तुकडा न्यायला आली होती. तिचा चेहरा जगभर फिरवलात तुम्ही. लोकांनी काय काय लिहिलं तिला! म्हातारी खुनी, चेटकीण. नातवाने वाचून दाखवलं तिला, गाढवाने. त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी चढली नाही ती. दारू पोचवावी तसं लपवून पुडकं पोचवतो मी तिच्याकडे. आता तुझंही पुडकं तसंच. चांगलंय. ने."

ओरिसियाच्या तोंडावर चपराक बसली असती तरी परवडली असती. घे नि पळ, असं तिचं एक मन ओरडत होतं. घरी बाप उपाशी आहे, तत्त्वं कसली मिरवतेस! पण तिने ते पुडकं मायरनच्या हातातून घेतलं नाही.

"ठेव आत. मी पुढून येते," ती म्हणाली.

"अगं ए, ओरिसिया! मी आपलं रागात बोललो. घे ते, काका उपाशी आहेत!"

ती केव्हाच वळली होती.

रांगेत तिला पाहून आधी शांतता, मग कुजबुज. पुढचा टक्कल पडलेला माणूस मागे वळून म्हणाला, "घोषणाबाई, रांग मोडायची नाही हं." कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण खरी गंमत रस्त्याच्या कडेला झाली. टेगन नावाची तिचीच चेली, मोबाइल उगारून उभी होती. ओरिसियाला रांगेत पाहून तिचे डोळे चमकले.

"ती आत घुसतेय!" टेगन ओरडली. "बघा, बघा, आत जाऊन निषेध करणार ती! आधी सांगायचंस ना गं!"

मंडळींनी टाळ्या पिटल्या. घोषणा दुप्पट झाल्या. तुमच्या ताटात कुणाचं लेकरू! तुमच्या ताटात कुणाचं लेकरू! ओरिसिया मान खाली घालून एकेक पाऊल पुढे सरकत होती. ह्या बाजूने ती घोषणा कशी ऐकू येते, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

आत मायरनने तेच पुडकं तिच्या हातात दिलं. तिच्या नजरेला नजरही दिली नाही. "पुढचं कोण?" एवढंच मोठ्याने विचारलं.

ती बाहेर आली तेव्हा टाळ्या अर्ध्यावर बंद पडल्या. टेगनने पुडक्याकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मोबाइल हळूहळू खाली आणला.

"वर धर," ओरिसिया म्हणाली. "सगळ्यांचा काढतो ना आपण? माझाही काढ."

"पण... का?"

"हे आपण आजवर कुणाला विचारलंय का गं?"

टेगनचा चेहरा रडवेला झाला, पण मोबाइल तिने वर धरला. नियम तो नियम. शिकवण ओरिसियाचीच.

गाडीत पुडकं शेजारच्या सीटवर ठेवलं तसा लसणाचा नि धुराचा वास भरून राहिला. पहिल्याच सिग्नलला थांबली आणि तिला आठवलं. पहिली चकती! आणण्याच्या घोरात तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, दिवा हिरवा होऊन गेला तरी ती तशीच बसून.

घरी तिने कुबासा गरम केला. लाल दांड्याच्या तव्याला हात लावला नाही. वास खोलीत पोचायच्या आधीच आतून आवाज आला, "कोण आलंय? मायरनचा बाप?" मॅरिसेलने उठवून बसवेपर्यंतही म्हाताऱ्याला धीर नव्हता. खिशात बाळगायची जुनी सुरी त्याने मागून घेतली, एक चकती कापली, वाकडीतिकडी, आणि सुरीच्या टोकावर धरून लेकीच्या तोंडापाशी नेली.

"घे."

"तुम्ही खा ना तातो आधी."

"असं कधी झालंय?"

"मी नाही खात हे. किती वर्षं झाली. तुम्हीच नाही का वेगळा तवा आणलात माझ्यासाठी?"

"कुणी सांगितलं खाऊ नको म्हणून? आईने?"

"नाही हो."

"मग? दात दुखतोय?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. म्हाताऱ्याने सुरी ताटात ठेवून दिली. रागावला नाही. रागावला असता तर किती बरं झालं असतं!

"मग राहू दे," तो म्हणाला. "पोर उपाशी नि बाप जेवतोय, हे आमच्यात नाही." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुकडा गालात दाबून धरता आला असता. रुमालात घेता आला असता. पण एकदा फसवून पाहिलं होतं तिने, आणि फसवण्याचा तिला वीट आला होता. तळहातावर तो ऊन श्वास तिला आजही जाणवला, अगदी आत्ता सोडल्यासारखा. तिने सुरी उचलून बापाच्या बोटांत दिली आणि तोंड उघडलं.

चकती जिभेवर आली. दातांखाली फुटली. आणि चांगली लागली. हीच तर खरी गोम होती. मला वासानेसुद्धा मळमळतं, असं ती वीस वर्षं लोकांना सांगत आली होती, आणि तिची जीभ मेली काहीएक विसरलेली नव्हती.

"गिळ," बाप म्हणाला. तिने गिळलं. "आ कर." तिने आ केला. त्याने लहान पोराच्या तोंडात पाहावं तसं नीट पाहिलं, मान हलवली, आणि मग खायला लागला. एक चकती, दुसरी, मग पाव मागितला, पावाबरोबर तिसरी. मॅरिसेल दारात उभी राहून डोळे पुसत होती.

ओरिसिया मोरीशी गेली. आता उलटी होईल, आता होईल म्हणून वाकून उभी राहिली. झाली नाही. खिशात मोबाइल मघापासून गुरगुरत होता. ढोंगी, विकली गेलेली, खुनी. स्टेफाबाईलाही असलेच शब्द मिळाले होते, फार काही नवं नव्हतं. खाली टेगनचा निरोप होता: वडील आजारी होते असं लिहू का? की व्हिडिओ काढून टाकू?

तिने लिहिलं, "माझा राहू दे. स्टेफाबाईंचा काढ." आणि मोबाइल उपडा ठेवला.

"पोरी!" आतून हाक आली. आठवडाभरात ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज. ती धावत गेली. म्हातारा उरलेल्या वेटोळ्यावर हात ठेवून बसला होता, ओठ चरबीने चकाकत होते.

"सगळं आजच नको गं संपवायला," तो म्हणाला. "उद्याला ठेव."

उद्या हा शब्द त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांत निघाला नव्हता. मॅरिसेलने चमकून ओरिसियाकडे पाहिलं.

"उद्या पुन्हा बसू आपण दोघं," म्हातारा खुशीत म्हणाला. "परवासुद्धा. आणि पहिली चकती तुझीच, काळजी करू नकोस."

"हो, तातो," ओरिसिया म्हणाली, आणि उरलेला कुबासा कागदात गुंडाळायला लागली. कागदाची घडी काही केल्या नीट बसत नव्हती.