निंबाखाली कोणी नाही

पार्बताबाईनं त्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळखलं. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला भरणाऱ्या भाजीबाजारात तो आला, वांगी घेतली, सांगितला तो भाव मुकाट्यानं दिला आणि वर मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, न मागताच चालू लागला. वऱ्हाडात अशी वांगी माणूस घेत नाही. सरकार घेतं.

"खुफिया पोलिस हाय वो थो," शेजारची बेबीताई मेथीच्या जुड्या बांधत म्हणाली.

"मले काय सांगतं? त्यानं वांगं दाबूनबी नाई पाह्यलं."

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं ते साल. सरकारला पांढरी टोपी दिसली की रात्रीची झोप लागत नव्हती. तो माणूस पार्बताबाईच्या दुकानासमोरच्या निंबाखाली बसला तो बसलाच. आपण अमरावतीचे विमा एजंट, असं सांगे. विमा मात्र एकाचाही उतरवला नाही. एक दिवस गोवर्धन शिंप्याला चौकीवर बोलावलं. भाजीवालीशी इतका वेळ कसली मसलत चालली होती? गोवर्धन भाव करत होता बिचारा. अर्धा घंटा भाव करणं आपल्याकडे काही जास्त नाही, पण ज्यानं जन्मात भाव केला नाही त्याला हे कोण सांगणार?

त्या दिवसापासून गिऱ्हाईक वळसा घालून जाऊ लागलं. वांगी सुकून गाईच्या तोंडी गेली. बाजाराचा ठेकेदार महादेवराव येऊन म्हणाला, "बाई, दुकानावर माणूस फिरकत नसंन तं येत्या बाजारापासून जागा दुसऱ्याले देतो." सासूच्या वेळेपासूनची जागा ती!

मग तिनं अमरावतीच्या वामनराव वकिलांना निरोप धाडला. ते नागपूरच्या कौन्सिलात मेंबर. बाजारात सरकारनं हेर बसवला आहे का, असा त्यांनी तिथं सवाल टाकला आणि सरकारचं उत्तर घेऊन स्वतः बाजारात आले. मोठेपणा होता त्यांचा, नाही म्हणत नाही. पण आल्या आल्या त्यांनी वांगी घेतली, सांगितल्या भावात, आणि पिशवी बंद केली.

सगळा बाजार एकमेकांकडे पाहू लागला.

"बोला, भिऊ नका," वामनराव म्हणाले. "कोण त्रास देतो ते सांगा. मी वरपर्यंत नेतो."

जो तो आपापली टोपली सारखी करू लागला. गोवर्धन तर सुई हरवल्यासारखा खाली पाहू लागला. बेबीताई कुजबुजली, "हाबी त्यातलाच दिसते."

वामनरावांचा चेहरा लाल झाला. "अरे, तुमच्यासाठीच भांडतो मी!"

पार्बताबाई उठली. "साहेब, सरकारनं काय सांगतलं थे जरा जोरानं वाचा."

वामनरावांनी कागद काढला. "अकोल्याच्या भाजीबाजारात असा कोणताही माणूस नेमलेला नाही."

निंबाखालचा माणूस आपल्या चपलेकडे पाहत बसला. सरकारनं पगारी माणसाला भरबाजारात नसलेला करून टाकलं होतं.

पार्बताबाईनं सांबाराची टोपली उचलली आणि नेऊन नेमकी त्याच्या मांडीवर टेकवली.

"अवो बाई, मी बसलो ना इथं!"

"कोन मी?" ती म्हणाली. "सरकारनं लिहून देल्लं, इथं कोनी नाई. तुमी असान तं सांगा सर्वायले, कोन आहा, कायले बसून राह्यले."

विमा म्हणावं तर हसं होणार, खरं सांगावं तर नोकरी जाणार. शेवटी टोपली अलगद बाजूला ठेवून, धोतर झटकत तो पुलाकडे निघाला. बाजार असा हसला की महादेवरावालाही हसावं लागलं. आणि सगळ्यांच्या आधी गोवर्धन तिच्या दुकानावर आला, वांगं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "एवढा भाव? लुटतं का वो बाई?"

वामनराव कागदाची घडी करत वळले.

"साहेब!" पार्बताबाईनं हाक मारली. "सांबार राह्यला. नागपुरात लाटसाहेबाच्या मानसाले सवाल करता, अन् इथं मूठभर सांबार मागाले लाजता? मागा नं. मंग लोकं बोलतीन तुमच्यासंगं."