वच्छलाच्या झाडाचा खुंट

मी खुंट बोलतोय. संत्र्याच्या झाडाचा बुंधा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पाहा, तेवढा मी. त्याच्या वर जे हिरवंगार डोलतंय आणि यंदा पहिल्यांदा फुललंय, ते माझं नाही. लोक झाडाकडे बघताना वर बघतात, खुंटाला कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं.

सौंसरजवळ बोरगावला रामाजीची बाग आहे. विहिरीला लागून तिथं एक जुनं झाड होतं. रामाजीची बायको वच्छला, तिनं ते आपल्या हातानं लावलेलं. फळ असं गोड की खाणारा साल टाकायला उठायचं विसरे. वच्छला गेली आणि चार वर्षांत झाडाला डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक गळू लागला, पानं पिवळी पडली. रामाजीनं बोर्डो मलम फासलं, त्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून दोन जंबेरीच्या रोपांवर बांधले. जंबेरी म्हणजे आंबट लिंबाची काटेरी जात. इकडे संत्र्याचं कलम तिच्याच खुंटावर चढतं. पण डोळ्यासोबत रोगही आला आणि ती दोन्ही कलमं सुकली.

रामाजीची मुलगी विजयमाला तेव्हा नागपूरला एका प्रयोगशाळेत कामाला होती. ऐंशी सालच्या आंबिया बहारात, म्हणजे थंडी सरताना येतो त्या बहारात, ती आली आणि त्या मरणाऱ्या झाडाची गोटीएवढी हिरवी फळं रुमालात बांधून घेऊन गेली.

"याचं काय करतं?" रामाजीनं विचारलं.

"मायचं झाड वाचवतो, बाबा."

माझा जन्म तिच्या प्रयोगशाळेतला. फळातला कोवळा कण चायना ग्रासच्या थिजवलेल्या खिरीवर ठेवला, त्यावर पिवळसर भुरभुरीत गोळा धरला. तो गोळा काचेच्या चंबूत, गोड पातळ अन्नात सोडला. त्या पाण्यात सुट्या सुट्या तरंगणाऱ्या हजारो पेशींतली एक मी होतो. चंबू एका यंत्रावर घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत राही, कारण थांबला की आम्ही तळाला बसून गुदमरायचो. वीज गेली की विजयमाला आमचा चंबू हातात घेऊन फिरवत बसायची. एका रविवारी दुपारी चार तास वीज नव्हती. बाकीचे चहाला गेले आणि ही मनगट दुखेपर्यंत चंबू फिरवत राहिली. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग पेशीचा भ्रूण झाला, भ्रूणाला मूळ आलं, दोन पानं आली. खाण तशी माती म्हणतात. आईचा गुण सगळा घेऊन, तिचा रोग तेवढा मागं टाकून मी उभा राहिलो होतो. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात विजयमालानं आम्हा तीन रोपांना मांडीवर घेऊन सौंसरची बस धरली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कायचे रोपटे व्हय वं?"

"माह्या मायचे," ती म्हणाली.

जुनं झाड तोवर वाळून गेलं होतं. त्याच जागी मला लावलं. दोघं भाऊ पहिल्याच उन्हाळ्यात गेले. विजयमालानं बापाला सगळं समजावलं, पाणी किती, प्लास्टिकची पिशवी कधी काढायची, सावली किती दिवस. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, कारण ती तिलाही ठाऊक नव्हती. प्रयोगशाळेतली माणसं रोप उगवेपर्यंतच बघतात. काम संपलं की चंबू धुऊन ठेवतात आणि रोपं कुंडीत सुकतात. माझी तिथली भावंडं तशीच गेली. आमच्यासारखं रोप मोठं होताना कसं दिसतं, ते कोणी पाहिलंच नव्हतं.

मला काटे आले. बोटभर लांब, टोकदार. चार वर्षं झाली तरी फुलाचं नाव नाही.

काटेरी फुटवा म्हणजे खालून आलेली जंबेरी, दिसला की छाटायचा, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. रामाजीनं तर चाळीस वर्षं तेच केलं. एक दिवस शेजारचा पुंडलिकराव बांधावरून म्हणाला, "रामाजी, हे तं जंबेरी होय ना राजा. तू कायले पाणी देऊन राहिला?"

रामाजीनं माझ्या बुंध्यावर कलमाचा जोड शोधला. तो कुठून सापडणार? मला कलम केलंच नव्हतं. "शहरातल्यायनं पोरीले फसवलं," तो पुटपुटला. शितावरून भाताची परीक्षा केली बिचाऱ्यानं. एरवी कुठलंही झाड ओळखायचं तर तो पान चुरगळून हुंगतो. त्या दिवशी त्याची इतकी खात्री होती की तेवढंच राहून गेलं. मला हात असते तर एक पान मी स्वतः त्याच्या नाकाशी धरलं असतं!

शहाऐंशीच्या थंडीत त्यानं मला गुडघ्याशी कापलं. वच्छलाची जागा ओकी राहू नये म्हणून फुटलेल्या धुमाऱ्यावर गावातल्या मोतीरामच्या बागेतला उत्तम डोळा बांधला. विजयमाला तोवर लग्न होऊन पांढुर्ण्याला गेली होती. तिचं मन मोडू नये म्हणून त्यानं तिला सांगितलं, "वाऱ्यानं मोडलं होतं, फुटलं पुन्हा."

यंदा, एकोणनव्वदच्या आंबियात, झाड फुललं. विजयमाला आली, फुलं बघून हरखली, माझ्याभोवती फिरली, बुंध्यावरून हात फिरवला. गुडघ्याशी बोट थांबलं.

"बाबा, याले जोड कुठून आला?"

 रामाजीनं सगळं सांगितलं.

ती माझ्याशीच टेकून बसली. "काटे येणारच होते, बाबा. ते त्याचं लहानपण होतं. सात-आठ वर्षांनी जाते ते. मले मागून कळलं. वाटलं, तुमी सांभाळूनच राहिले, आता काय सांगायचं."

"सांगाचं होतं न वं पोरी," रामाजी म्हणाला. मग म्हणाला, "मीबी विचाराले पाहिजे होतं."

जोडाच्या खालून माझा एक काटेरी फुटवा वीतभर वर आला होता. सवयीनं रामाजीची कात्री त्याच्याकडे गेली आणि थबकली. त्यानं एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. लिंबाचा आंबट वास नव्हता. त्यानं पुन्हा हुंगलं.

"तेच झाड होय," तो म्हणाला, आणि विहिरीकडे तोंड फिरवून उभा राहिला.

फुटवा त्यानं ठेवलाय. वरचं झाड त्यापायी दुबळं होईल, हे ठाऊक असूनही ठेवलाय. त्याला फळ धरायला अजून सात-आठ वर्षं आहेत, आणि रामाजीला सत्तरी उलटून गेली. हिशेब त्यालाही कळतो, मलाही.

रामाजी, फळाचं वचन मी देऊ शकत नाही. पण रोज सकाळी विहिरीवरची मोटार चालू करायला येशील, तेव्हा एक पान तोडत जा. काट्यांपासून तेवढा जप.