हंड्याशेजारचं पातेलं

१९९४ च्या नाताळात मी रश्श्याचं पातेलं घेऊन चर्चच्या आवारात शिरले, ते ओतायचं नाही हे घरूनच ठरवून. त्याआधीचे दोन नाताळ मी प्रीतिभोजनाच्या पंगतीत नुसता भात आणि मीठ खाऊन काढले होते.

कांदा, लसूण, गहू, हरभऱ्याची डाळ, दूध, यातलं काहीही खाल्लं की माझं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि दोन-दोन दिवस कळा थांबायच्या नाहीत. नगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "बाई, रोग काही दिसत नाही. एकेक पदार्थ सोडून बघा. जे सोसतं तेवढंच खा." मी पाच महिने सोडून बघितलं. ज्वारीची भाकरी सोसायची, तांदूळ, बटाटा, शेंगदाणे सोसायचे, मटणही सोसायचं. कांद्याची हिरवी पात चालायची, खालचा पांढरा भाग मात्र नाही. मग मी आलं, तीळ, शेंगदाणे आणि हिरव्या पातीवर मटण करायला शिकले.

बेलापूरच्या अलीकडे आमची वस्ती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. नाताळला प्रत्येक घरानं मटणाचा रस्सा करून आणायचा आणि आवारातल्या मोठ्या हंड्यात ओतायचा. कुणाचा जाळ तिखट, कुणाचा पाण्यासारखा. हंड्यात सगळे एक व्हायचे. ही रीत आमच्या आजेसासऱ्यांनी घातली. गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. म्हणून त्यांनी ठरवलं, देवाच्या घरात कुणाचं भांडं वेगळं राहणार नाही. हंड्यातल्या त्या रश्श्यासारखी चव मला पुन्हा कुठल्याच रश्श्याला लागली नाही. आज एवढ्या वर्षांनीही सांगते, तो हंडा मला प्रिय होता.

हंड्यापाशी माझी नणंद छबूबाई बसली होती. महिला मंडळाची प्रमुख तीच. ट्रॅक्टर चालवणारा श्रीमंत नावाचा पोरगा लांब दांड्याच्या पळीनं हंडा ढवळत होता.

"वत वयनी," छबूबाई म्हणाली.

"वतनार न्हाई, वन्सं. हे शेजारी ठिवनार."

"का? आमच्या रश्शाला वास मारतो व्हय?"

"यात कांदा-लसून न्हाई. तुमच्यात वतला की मला खाता यायचा न्हाई."

"ऐकलं का गं बायांनो! आमची वयनी बामनीन झाली. फुडच्या नाताळाला सोवळं नेसून येईल."

बाया फिदीफिदी हसल्या. श्रीमंत म्हणाला, "काकू, बिनकांद्याचं मटान? बोकडाला तरी आधी सांगायचं. उगं जीव गेला बिचाऱ्याचा."

मलाही हसू आलं. पण छबूबाई उठली आणि तिनं पातेल्याचा काठ धरला. आता ती हसत नव्हती.

"मीच वतते. आज तुझं येगळं, उद्या दुसरीचं. लोकांनी आपल्याला येगळं बसवलं ते कमी पडलं व्हय?"

मी दुसरा काठ सोडला नाही. गरम रस्सा हिंदकळून माझ्या मनगटावर सांडला.

"ज्याला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, ते शिवाशिवीचं भांडं, वन्सं. माज्या भांड्यात सगळ्या मंडळीनं हात घाला, मी न्हाई म्हनते का? पन समद्यांनी एकत्र जेवावं म्हनून घातलेल्या रीतीपायी दोन वरसं मी एकटी उपाशी उठते. आजेसासऱ्यांना चाललं असतं का हे?"

"उपाशी? तू तर भूक न्हाई म्हनायचीस."

"मग काय सांगू? पंगतीत पोट फुगतं म्हनून?"

तिची पकड सैल झाली. "ठिव," ती म्हणाली. "पन कोन खानार न्हाई तुजं."

श्रीमंतानं तोवर दुसरी, धुतलेली पळी माझ्या पातेल्यात घातली होती. त्यानं चाखलं, परत चाखलं आणि पहिल्या पंगतीकडं ओरडला, "पाळकसाहेब, हंड्याचं राहू द्या, आधी काकूंचा घ्या!"

पंगतीत चर्चचे पाळक, पुरुष आणि पोरं बसली होती. जो तो माझाच रस्सा मागू लागला. मी वाढत गेले. ओळ संपता संपता पातेल्यात डोकावले, तर तळाशी जेमतेम चार पळ्या उरल्या होत्या. अजून दोन पंगती बसायच्या होत्या आणि बायांची सर्वांत शेवटी.

मी उरलेला सगळा रस्सा माझ्या ताटात ओतला, एक भाकरी घेतली आणि पाळकसाहेबांच्या समोर पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसले.

पाळकसाहेबांचा घास हातातच राहिला. "बाई, बायांची पंगत मागून असते," ते हळूच म्हणाले.

"ठावं हाय, साहेब. तीस वरसं मी मागनंच बसले," मी म्हणाले आणि भाकरी मोडली.

छबूबाई तरातरा आली. "चारचौघांत लाज आनलीस वयनी."

"आनली," मी म्हणाले. तोंडात घास होता, आणि तो पोटात जाऊन काही करणार नव्हता. "भाकरी संपत आली, वन्सं. आना."

ती गेली. परत आली आणि माझ्या ताटात भाकरी आदळली. एक नाही, दोन.